विषय: गन रॅकचा खटका धावत्या गाडीत आपोआप उघडतो, आणि तुमचा माणूस विचारतो, "भरलेली नव्हती ना?"

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या मदत क्रमांकावर चौथा फोन केला. सत्तेचाळीस मिनिटं लाइनवर होतो. आता पाचवा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

रॅक तुमचाच आहे, तेव्हा त्याची ओळख करून देत बसत नाही. रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याच्या, उभ्या पाइपला आवळायचा, दोन रायफलींचा, रबर लावलेल्या जबड्यांचा आणि टॉगल खटक्याचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'खडबडीत वाटांसाठी खास'. मी तो खडबडीत वाटेवर वापरला. एवढाच माझा गुन्हा.

घडलं ते असं. हंगामाची पहिली सकाळ, परवाना खिशात, मी चालवत होतो आणि शेजारच्या सीटवर माझा पुतण्या. वाट कच्ची, पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या सरी पडलेली. वेग ताशी वीसच्या आसपास, त्याहून जोरात तिथे जाताच येत नाही. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पुतण्या एकदम ताठ झाला आणि हळूच म्हणाला, "काका, थांबा. नळी माझ्या मानेला लागतेय."

गाडी थांबवून वळून पाहिलं. वरच्या जबड्याचा खटका सताड उघडा. रायफल खालच्या जबड्यात दस्त्यावर उभी, आणि पुढचा सगळा भाग कलून त्याच्या सीटवर आलेला. नळीचं तोंड त्याच्या डाव्या कानाखाली टेकलेलं होतं. पोरगं हलायला तयार नव्हतं. मी उतरून, गाडीला वळसा घालून, रायफल हातात घेईपर्यंत त्याने मान तशीच धरून ठेवली होती. कातडीवर नळीच्या कडेचा गोल वळ उठला होता.

रायफल रिकामी होती. गोळ्यांचं मॅगझीन काढलेलं, बोल्टही (गोळी नळीत ढकलून मागून नळी बंद करणारा सरकता भाग) काढून माझ्या पायाशी पिशवीत ठेवलेला. गाडीत चढण्याआधी बोल्ट काढायचा ही मला रायफल शिकवणाऱ्याने लावलेली सवय आहे. कितीतरी ठिकाणी कायदाही हेच सांगतो, वाहनात हत्यार भरलेलं नको. पण ती माझी सवय आणि माझा कायदा. तुमच्या रॅकचं त्यात काही नाही. तुमच्या रॅकने त्याचं काम केलंच नाही.

आता कारण. ते मी शोधलंय, तुमच्या तांत्रिक विभागाने नव्हे.

तुमचा आधीचा रॅक माझ्याकडे अकरा वर्षं होता. त्याच वाटा, तीच रायफल. त्याचा खटका बंद केला की वरून एक आडवी पिन टाकायची असायची, बोटाएवढ्या लांबीची, साखळीला अडकवलेली. ती पिन असेपर्यंत खटका कितीही हादरला तरी उघडायला जागाच नव्हती. नव्या रॅकमध्ये तुम्ही ती पिन काढून टाकलीत. जाहिरातीत त्याला 'एका हाताने झटपट' असं म्हटलंय. टॉगल खटका कशावर बंद राहतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. त्याचा दांडा मधल्या रेषेच्या पलीकडे जाऊन बसतो आणि रबराचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो. रबर दबलं की तो दाब गेला. दाब गेला की प्रत्येक हादऱ्याला दांडा केसभर मागे सरकतो. पिन असती तर सरकला असता आणि पिनेला अडला असता. पिन नाही.

आणि रबर दबलं का? कारण ते तेलाला टिकत नाही. सहा महिन्यांत जबड्यातलं अस्तर फुगून चिकट झालंय, नख लावलं की रुततं, काढलं तरी खूण राहते. दोन्ही जबड्यांत रायफलीच्या आकाराचा खळगा पडलाय. रायफलीला तेल लावतात. शंभर वर्षांपूर्वीही लावत होते. तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर साध्या ऑइल सीलमध्येही असतं. बंदुकीच्या रॅकला ते का नाही?

बसवण्यात चूक झाली असेल, असं तुमच्याकडून दोनदा ऐकलं. तर ऐका. तुमच्या माहितीपत्रकात नट किती आवळायचे याचा आकडाच नाही, नुसतं 'घट्ट आवळा' लिहिलंय. मी ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना वापरला, रॅकच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना १० न्यूटन मीटर. आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावलं, म्हणजे नट ढिला होऊ न देणारा गोंद. आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, नट फिरला तर रेघ तुटते म्हणून. चारही रेघा आजही सलग आहेत. त्यांचा फोटो तुम्हाला चार वेळा पाठवलाय. नट हलले नाहीत, पाइप सरकला नाही, पट्टी वाकली नाही. उघडला तो फक्त खटका.

एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या रविवारी रायफलीऐवजी तितक्याच वजनाचा, साडेचार किलोचा लाकडी ओंडका त्याच जबड्यांत बसवला, मागे कॅमेरा लावला आणि एकटाच त्याच वाटेने गेलो. दोनदा गेलो. दोन्ही वेळा पाच किलोमीटरच्या आत खटका उघडला. व्हिडिओत दांडा सरकताना दिसतो. साडेचार किलोची वस्तू खड्ड्यात पाचपट झटका खाते तेव्हा जबड्यावर साडेबावीस किलोचा भार येतो. हे गणित रॅक बनवणाऱ्याने विकण्याआधी करायचं असतं.

आता तुमच्या फोनांबद्दल.

पहिल्या फोनला फोटो मागितले. पाठवले. दुसऱ्या फोनला, फोटो मिळाले नाहीत, पुन्हा पाठवा. पाठवले. तिसऱ्या फोनला सांगण्यात आलं की रायफलीला तेल लावू नका आणि गाडी सावकाश चालवा, आणि हो, फोटो पुन्हा पाठवा. पाठवले. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक मीच सांगायचा, गोष्ट मीच पहिल्यापासून सांगायची.

आज चौथा. या वेळी मी हट्टाने वरिष्ठांची मागणी केली. बऱ्याच वेळाने एक गृहस्थ आले, म्हणाले मी तांत्रिक विभागातून बोलतोय. मला बरं वाटलं. मी सगळं सांगितलं, मानेवरच्या वळापर्यंत सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं,

"सर, रायफल भरलेली होती का?"

"नाही."

"मग सर, धोका कुठे होता?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा बोला, म्हटलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, लहान मुलाला समजावतात तसं, एकेक शब्द सुटा करून. "भरलेली, नव्हती, ना, सर? मग धोका कुठे होता?" मी म्हटलं, नळी पोराच्या मानेला टेकली होती. ते म्हणाले, "पण कुणाला इजा नाही झाली ना?" नाही झाली. "मग मी 'किरकोळ बिघाड, इजा नाही' अशी नोंद करतो." मागे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. माझ्या पुतण्याच्या मानेची नोंद तीन-चार शब्दांत झाली.

मग त्यांना काहीतरी आठवलं. "सर, सेफ्टी ऑन होती का?" मी सांगितलं, माझ्या रायफलीची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ, बोल्टच्या मागच्या टोकावर असते आणि बोल्ट मी काढून पिशवीत ठेवला होता. क्षणभर शांतता. मग ते म्हणाले,

"म्हणजे सेफ्टी लावलेली नव्हती, असं लिहू का?"

मी फोन टेबलावर ठेवला आणि खोलीत एक फेरी मारून आलो. परत उचलला तेव्हा ते अजून उत्तराची वाट बघत होते.

बंदुका ठेवायचं साधन विकणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक विभागात बोल्ट म्हणजे काय हे ठाऊक नसावं? बोल्ट काढलेली रायफल गोळी झाडूच शकत नाही, त्याहून सुरक्षित अवस्था नाही. आणि तो माणूस माझा निष्काळजीपणा म्हणून ते लिहून घेत होता. उलट निव्वळ सेफ्टीवर विसंबलो असतो तर? मावझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीच्या रचनेत सेफ्टी थेट फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या पिनेचा, मागचा भाग धरून ठेवते. पण आजच्या कितीतरी रायफलींत ती फक्त ट्रिगर किंवा सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत फायरिंग पिन रोखून धरणारी कड) अडवते. रायफल आदळल्यावर त्या एवढ्याशा कडेवर कुणाचा जीव टांगायचा?

रिकामी रायफलही भरलेली आहे असं धरून चालायचं, आणि जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी कधीही वळू द्यायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. यातला पहिला भाग मी पाळला. दुसरा भाग पाळण्यासाठी मी तुमचा रॅक विकत घेतला होता. 'भरलेली नव्हती ना' हे उत्तर मला देता, पण तुमचा पुढचा गिऱ्हाईक बोल्ट काढायला विसरला तर त्याच्या घरच्यांना काय उत्तर द्याल?

नुकसान तिथेच थांबलं नाही. कलताना रायफलीवरची नेमाची दुर्बीण रोल केजवर आपटली, तिच्या बुरुजाच्या, म्हणजे नेम जुळवायच्या गोल बटणाच्या, टोपणाला खोच पडलीय. त्या दिवशी शिकार सोडून दिली आणि परतून कागदावर तीन गोळ्या झाडून पाहिल्या. शंभर मीटरवर तिन्ही अकरा सेंटीमीटर खाली आणि उजवीकडे. म्हणजे दोनशे मीटरवर वीतभर. हरणाच्या छातीत नेम धरायची जागा जेमतेम तेवढीच असते. तपासलं नसतं तर जनावर पोटात किंवा पायावर गोळी घेऊन झाडीत गेलं असतं आणि दोन दिवसांनी मेलं असतं. ज्याला शिकारीची चाड आहे त्याला विचारा, याहून वाईट काय असतं. तुमच्या नोंदीत याला रकाना नाही.

आणखी दोन गोष्टी, बोलतोच आहे तर. तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच चित्रात रायफल बोल्ट बंद ठेवून लावली आहे आणि नळी सरळ शेजारच्या सीटकडे. नवशिक्या माणूस चित्र बघूनच शिकतो. आणि माझ्या रॅकची किल्ली माझ्या मित्राच्या रॅकलाही लागते. त्याची मला लागते. कुलूप कशासाठी दिलंय मग?

तुम्ही मला पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलंत. ते नको. मला हवंय ते असं: रॅकचे पूर्ण पैसे परत, दुर्बिणीच्या दुरुस्तीचा खर्च, आणि या दोन्हींच्या आधी हा रॅक ज्यांनी ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाला लेखी इशारा की खटक्यावर विसंबू नका, वरून पट्टा बांधा. त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेत, वॉरंटी नोंदवताना सगळ्यांकडून घेतले आहेत. आणि ती पिन परत आणा. एक पिन आणि एवढीशी साखळी, अकरा वर्षं माझ्या गाडीत झुलत होती.

पंधरा दिवस वाट बघतो. त्यानंतर व्हिडिओ, रेघांचे फोटो आणि आजच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण माझ्या वकिलाकडे जाईल आणि ग्राहक न्यायालयात तेच वाजेल. ध्वनिमुद्रण होत असल्याचं तुम्हीच फोनच्या सुरुवातीला सांगता. माझ्याकडेही आहे. मला कोर्टात जायची हौस नाही. मी अकरा वर्षं चारचौघांना तुमचाच रॅक घ्यायला सांगत आलो. त्यातल्या तिघांनी हा नवा घेतलाय. कालच तिघांनाही फोन करून पट्टा बांधायला सांगितलं. जे काम तुमचं, ते मी केलं.

पुतण्या पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे. मागच्या सीटवर बसू का, असं विचारत होता. रायफल आता कुलपाच्या पेटीत, मागच्या हौद्यात पट्ट्यांनी बांधून नेतो. उतरून ती काढायला दोन मिनिटं जास्त लागतात.

फोटो पाचव्यांदा सोबत जोडले आहेत. पुन्हा मागू नका.

तक्रारदार ग्राहक
(तक्रार क्रमांक तुमच्याकडे चार वेळा नोंदलेला आहे)