सहाव्या दिवशी बाईने जायचे कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मारहाणीमुळे घर सोडलेल्या बाईला ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे सरकारच्या महिला मदत केंद्रात, साधारण पाच दिवस राहता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार अर्जाची पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत आणि तिथून साठ दिवसांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच तारखा निघून जातात. पाच दिवस संपतात, हातात आदेश नसतो, आणि बाई मुलांना घेऊन त्याच घराची पायरी चढते.

त्यामुळे पहिला दिवस ‘समजूत घालण्यात’ घालवू नये. त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, भरून घ्यावा. याच कायद्याच्या कलम १२ खाली न्यायालयात करायच्या मुख्य अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागावा. तो समोरच्या बाजूला न ऐकताही देता येतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, बाईचा पगार कितीही असला तरी. डीआयआर नाही म्हणून निवारागृहाला तिला परत पाठवता येत नाही, हे २००६ च्या नियमांतच आहे. गळा दाबला असेल तर वर वळ नसला तरी इस्पितळात न्यायलाच हवे. आतली सूज मागाहून वाढते. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळानिळा पडतो, तेव्हा फोटो पुन्हा काढावेत.

‘घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?’ असे तिला सर्रास ऐकवतात. पण ती जिथे नांदली ते घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२० चा निकाल आहे. आपल्या गोव्यात तर लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात, आणि तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. घोळ होतो तो सह्यांचा. इथे लग्नाच्या नोंदीसाठी दोनदा सही करावी लागते. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली, दुसरी राहूनच गेली, तर लग्नाची नोंद पुरी होत नाही आणि अर्ध्या वाट्याचा दावा अडतो. अशा बाईनेही खचू नये. हिंसाचाराचा कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू आहे, निवारा आणि संरक्षण तिला मागता येते.

घर सोडताना लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार आणि पासबुक घ्यावे. गृह आधार या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे महिन्याचे दीड हजार ज्या खात्यात जमा होतात, त्याचे एटीएम कार्ड पुष्कळदा नवऱ्याकडे असते. ते त्याच दिवशी बंद करावे. फोनचे लोकेशन शेअरिंगही.

सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. अंतरिम आदेश होईपर्यंत मुक्काम वाढवून द्यावा. सत्तरी, सांगे, काणकोण इथे तालुक्यातच रात्रीच्या निवाऱ्याची सोय करावी. मुलांची शाळा आणि स्वतःचे काम सोडून बाई लांब किती दिवस राहील? संरक्षण अधिकाऱ्यावर दुसऱ्या खात्याचा भार नसावा. तालुका पातळीपर्यंत हे अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये राज्यांना बजावले आहे.

आणखी एक गोष्ट फार जिव्हारी लागते. वाढत्या वयाच्या मुलग्याला अशा निवाऱ्यात आईजवळ ठेवत नाहीत. मुलीला घेऊन बाहेर पडलेली आई मग त्या पोरासाठी माघारी जाते. अशा मायलेकरांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान दोन-तीन स्वतंत्र खोल्या राखून ठेवाव्यात.

– पीडित महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या, फोंडा