७७७ चा सल्ला तेवढा मागे घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या तंत्रज्ञान पानावर मध्यंतरी एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर आलं होतं, की लिनक्स सर्व्हरवर डेटाबेसची कॉन्फिग फाईल (सेटिंग्जची फाईल) सेव्ह होत नसेल, परमिशन डिनाइड येत असेल तर फाईलला ७७७ परमिशन (म्हणजे कुणालाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) देऊन टाका आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. छोट्या पतसंस्था, दवाखाने, होलसेल दुकानं इथे वेगळा आयटीवाला नसतो, जो पोरगा प्रिंटर बघतो तोच सर्व्हर पण बघतो, आणि पेपरात छापून आलंय म्हटल्यावर तो ते करणारच ना.

आता सिक्युरिटीचं बाजूला ठेवा, मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरलाच हे चालत नाही. कॉन्फिग फाईलमध्ये कुणालाही लिहिता येतंय असं दिसलं की तो ती फाईल वाचतच नाही, वर्ल्ड रायटेबल फाईल इग्नोर केली अशी एक ओळीची वॉर्निंग टाकतो आणि स्वतःच्या डिफॉल्ट सेटिंगवर बिनधास्त सुरू होतो. स्टेटस बघितलं तर हिरव्या अक्षरात अॅक्टिव्ह रनिंग, मग वॉर्निंग कोण वाचतंय!

खरी गंमत पुढे आहे. समजा डेटा मोठा झाला म्हणून कुणीतरी पूर्वी डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं होतं आणि त्याचा पाथ त्या फाईलमध्ये डेटाडिर म्हणून लिहिला होता. फाईलच इग्नोर झाली म्हटल्यावर सर्व्हर परत मूळच्या व्हार लिब मायएसक्यूएल फोल्डरकडे जातो, आणि तिथे जुनं फोल्डर तसंच पडलेलं असेल तर तेच उघडून बसतो. सॉफ्टवेअर उघडलं तर टेबल्सच नाहीत नाहीतर वर्षापूर्वीच्या नोंदी, ऑफिसात बोंबाबोंब की डेटा गेला, मग कुणीतरी घाईघाईने बॅकअप तिथेच रिस्टोअर करतं, त्यावर दिवसभर बिलं पडतात, आणि खरा डेटा बिचारा दुसऱ्या डिस्कवर जसाच्या तसा. नंतर ते दोन्ही जुळवत बसायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. शिवाय बफर पूल (डेटा हाताशी ठेवायची मेमरीतली जागा) १२८ एमबीच्या डिफॉल्टवर येतो म्हणून सगळं रखडत चालतं ते वेगळंच, आणि बाइंड अॅड्रेस १२७.०.०.१ ची ओळ (फक्त त्याच मशीनवरून जोडणी घ्या असं सांगणारी) पण त्याच फाईलमध्ये असेल तर तीही गेली, म्हणजे फायरवॉल नसेल तर डेटाबेसचं पोर्ट ३३०६ बाहेर उघडं.

उपाय साधा आहे हो. फाईल रूटच्या, म्हणजे मुख्य अॅडमिनच्या, मालकीची ठेवा, परमिशन ६४४ (मालकाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता), आणि एडिट करताना सुडो लावा, म्हणजे रूटचा अधिकार मिळतो. एवढंच. आणि डेटा फोल्डर हलवल्यावर परमिशन डिनाइड येत असेल तर आधी फोल्डरचा मालक मायएसक्यूएल युजर आहे ना बघा, तो बरोबर असेल तर उबुंटूवर बहुतेक ॲपआर्मर आडवा आलेला असतो, रेड हॅटच्या कुळातल्या सिस्टिमवर एसईलिनक्स, हे दोन्ही कुठला प्रोग्राम कुठल्या फोल्डरला हात लावू शकतो ते ठरवणारे पहारेकरी, तिथे ७७७ काय नी अजून काय, काही उपयोग नाही, नवा पाथ त्यांच्या नियमात घालावा लागतो.

दुसरं, सर्व्हिस उठतच नसेल तर पुसून परत इन्स्टॉल करायची जी सवय लागलीय ती पण वाईट. आधी जर्नलसीटीएल (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) आणि एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. मायएसक्यूएल ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, लोक ८.० वर गेले पण कॉन्फिग फाईल जुनीच, त्यात क्वेरी कॅश (आधीच्या क्वेरींची उत्तरं साठवून ठेवायची सोय) साइझची ओळ तशीच. ८.० मध्ये क्वेरी कॅश काढूनच टाकलाय, त्यामुळे अननोन व्हेरिएबल म्हणून सर्व्हर बंद पडतो. लॉगमध्ये त्या व्हेरिएबलचं नाव चक्क लिहिलेलं असतं, ती ओळ काढा की झालं. ८.०.१६ पासून तर व्हॅलिडेट कॉन्फिग हा ऑप्शनच दिलाय, रिस्टार्ट करायच्या आधीच चूक कळते, पण वापरताना फारसं कुणी दिसत नाही.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांचं बरं आहे, तिथे डेटा फोल्डरला ७७७ दिलं तर सर्व्हर सुरूच होत नाही, ०७०० किंवा ०७५० पाहिजे असं तोंडावर सांगतो. तिथला घोळ वेगळा. पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फमध्ये बदल करून रिस्टार्ट केलं तरी सेटिंग जुनंच दिसतं, कारण कुणीतरी कधीतरी सेटिंग बदलायची ऑल्टर सिस्टिम ही कमांड चालवलेली असते आणि ते सेटिंग पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये जाऊन बसतं, तिचं म्हणणं शेवटचं. पीजी सेटिंग्ज व्ह्यूमध्ये (डेटाबेसमधलीच सगळ्या सेटिंग्जची यादी) कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीतून व्हॅल्यू आली ते मिळतं, तिथे बघा म्हणजे दिवस वाया जात नाही.

तर विनंती एवढीच की त्याच पानावर, त्याच साइझमध्ये दुरुस्ती छापा, आणि ज्यांनी ७७७ करून ठेवलंय त्यांनी ६४४ करून रिस्टार्ट मारायच्या आधी सध्या चालू असलेल्या डेटाबेसचा पण बॅकअप घ्यावा हे त्यात आवर्जून टाका, नाहीतर मधल्या काळातल्या नोंदी जुन्या फोल्डरमध्येच राहतील.

कळावे,
आपला एक वाचक, इचलकरंजी