वॉचमनच्या पगारातून माझा बंपर नको

दि. २२ मे २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे

विषय : टँकरच्या वेळी पार्किंगमध्ये माझ्या गाडीचे झालेले नुकसान आणि त्याच्या वसुलीबाबत समितीने काढलेली सूचना मागे घेणे.

महोदय,

समितीने मंगळवारी ग्रुपवर टाकलेली सूचना वाचली. माझ्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च निम्मा वॉचमनच्या पगारातून आणि निम्मा ए-२०४ च्या मेंटेनन्स बिलातून वसूल करायचा, असे तिच्यात म्हटले आहे. नुकसान माझे झाले आहे, त्यामुळे पैसेही मलाच मिळणार. तरीही हा निर्णय मला मान्य नाही. कारणे तोंडी सांगितली तर जिन्यातच विरून जातात, म्हणून लेखी देत आहे.

रविवारी सकाळी नेमके काय झाले याच्या ग्रुपवर बऱ्याच आवृत्त्या फिरत आहेत. एकीत तर वॉचमन फोनवर बोलत होता. मी सचिवांच्या समोर बसून कॅमेऱ्याचे फुटेज पाहिले आहे. सव्वासहाला टँकर आला. तो ए विंगच्या मागे, जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापर्यंत नेल्याशिवाय त्याचा पाइप पोचत नाही. वाटेत ए-२०४ ची गाडी होती, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक न लावता, जशी ती रोज असते. वॉचमन ड्यूटीवर एकटाच होता. त्याने गाडी ढकलली. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तिथे फरशीला जाळीच्या दिशेने उतार दिलेला आहे, त्या उतारावर गाडीने वेग घेतला. तो पुढे धावला, दोन्ही हात बॉनेटवर टेकवून तिला अडवायचा प्रयत्न केला, नाही जमले तेव्हा शेवटच्या क्षणी बाजूला झाला आणि गाडी माझ्या गाडीच्या मागच्या बाजूवर आदळली. बंपर चिरला, उजवा टेललाइट फुटला. फोन त्याच्या हातात कुठेही दिसत नाही. क्षणभर उशीर झाला असता तर त्याचा पाय दोन गाड्यांच्या मध्ये सापडला असता आणि आज आपण बंपरबद्दल बोलत नसतो. ग्रुपवरच्या पन्नासेक मेसेजमध्ये ही गोष्ट एकानेही लिहिलेली नाही.

आता जबाबदारीचे. आपल्या पार्किंगच्या भिंतीवर दोन पाट्या आहेत. पहिली : ‘मागे-पुढे लावलेल्या गाड्या न्यूट्रलमध्ये ठेवाव्यात. हँडब्रेक लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल.’ तिच्याखाली हातभर अंतरावर दुसरी : ‘वाहनांच्या नुकसानीस संस्था जबाबदार नाही.’ दोन्ही आपल्याच समितीने लावलेल्या आहेत, दोन्हींच्या खाली ‘आदेशावरून’ लिहिले आहे. गाडी सैल ठेवायची सक्ती संस्थेने करायची, ती ढकलायचे काम संस्थेने नेमलेल्या माणसाला सांगायचे, टँकर संस्थेच्या पैशाने मागवायचा आणि गाडी घरंगळली की दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवायचे, हे पुण्यातसुद्धा जरा जास्तच झाले.

दुसऱ्या पाटीला अजिबात अर्थ नाही असे मी म्हणत नाही. रात्री कोणी अनोळखी माणूस गाडीवर चरा ओढून गेला, आंब्याच्या झाडाची फांदी काचेवर पडली, तर संस्थेकडे पैसे मागायला मी येणार नाही. पण आपण नेमलेल्या माणसाने आपण सांगितलेले काम करताना कोणाचे नुकसान केले, तर ते काम सांगणाऱ्यावर येते. हे जुने तत्त्व आहे आणि भिंतीवरच्या रंगाने पुसले जात नाही. वॉचमन एजन्सीचा आहे, आपला नाही, असा मुद्दा खजिनदारांनी मांडला. एजन्सीशी झालेल्या करारातल्या कामांच्या यादीत ‘गाड्या हलवणे’ कुठेच नाही, तो करार मी पाहिला आहे. हे काम त्याला आपण दिले. सकाळी सहाला टँकरवाला हॉर्न वाजवतो तेव्हा खाली वॉचमनला ‘अरे, गाडी काढ ना’ असे गॅलरीतून ओरडणारे आपणच असतो.

पार्किंगची जागा हा सभासदांचा आपसातला मामला आहे, हेही ऐकले. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या दहिसरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले की स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधले पार्किंग, ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. तेव्हापासून आपल्याकडेही वाटप संस्था करते, मागे-पुढे कोण लावणार हे संस्था ठरवते आणि शुल्कही संस्था घेते. हक्क गाजवताना जागा संस्थेची आणि भरपाईच्या वेळी सभासदांची, असे करता येणार नाही.

वॉचमनच्या पगाराला हात लावू नये, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती. वेतनाच्या कायद्याचे सूत्र असे आहे की नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान त्या माणसाच्या निष्काळजीपणामुळेच झालेले असले पाहिजे आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. आपण त्याला काही विचारले का? मी विचारले. तो म्हणाला, “साहेब, वीट लावायला दुसरा माणूस पाहिजे.” खरेच आहे. एकाने ढकलायचे आणि दुसऱ्याने चाकापुढे वीट टाकायची, हे उतारावरचे साधे काम आहे. सकाळच्या पाळीतला दुसरा माणूस गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत खर्च कमी करण्यासाठी आपण काढून टाकला. मीही त्या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता.

ए-२०४ च्या काकूंचे तर काय चुकले, हेच मला समजलेले नाही. हँडब्रेक लावला असता तर आपण हवा सोडणार होतो, लावला नाही म्हणून आता बिल लावणार आहोत. शिवाय ही रक्कम मेंटेनन्स बिलात टाकणे हा नुसता हिशेबाचा प्रश्न नाही. बिलात आलेली रक्कम थकली की ती संस्थेची थकबाकी ठरते आणि तिच्या वसुलीचा रस्ता सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ पर्यंत, म्हणजे सक्तीच्या वसुलीपर्यंत जातो. एका फुटक्या टेललाइटसाठी सत्तरीच्या बाईंना थकबाकीदार करायचे आहे का? आणि हा दंड आहे असे समितीचे म्हणणे असेल, तर उपविधींनुसार दंडाआधी नोटीस लागते, म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि रक्कम सर्वसाधारण सभा ठरवते. समितीच्या चौघांनी मंगळवारी रात्री ग्रुपवर ठरवलेली रक्कम त्यात बसत नाही.

काकू सोमवारीच पाकिटात पैसे घालून घरी आल्या होत्या. मी ते घेतले नाहीत. त्यांनी आणलेले लाडू मात्र ठेवून घेतले, ते भरपाईत धरू नयेत.

ग्रुपवर एका सभासदाने मला पोलीस चौकीत जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करायचा सल्ला दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधली आगळीक म्हणजे दुसऱ्याचे नुकसान व्हावे या इराद्याने, किंवा ते होणार हे माहीत असून केलेले कृत्य. घरंगळत्या गाडीपुढे हात टेकवून उभ्या राहिलेल्या माणसाला हे कलम लावायला मी जाणार नाही.

“विमा आहे ना, मग क्लेम करा,” हेही बऱ्याच जणांनी सांगितले. याचा हिशेब जरा सविस्तर देतो, कारण उद्या ही वेळ तुमच्यापैकी कोणावरही येईल. अधिकृत सर्व्हिस सेंटरने १४,८०० रुपयांचा अंदाज दिला आहे. त्यात नवा बंपर आणि टेललाइट मिळून ८,८०० आहेत. माझ्याकडे झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापणार, म्हणजे ४,४०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० रुपयांची वजावट असते, तीही गेली. उरले ९,४००, त्यातून रंगाच्या साहित्यावरचा घसारा आणखी वेगळा. आता दुसरी बाजू. इतकी वर्षे क्लेम न केल्याने मला ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. बोनस नसता तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ११,००० च्या आसपास पडला असता, मी ५,५०० भरतो. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के, मग २५ टक्के. हप्ता तेवढाच राहिला असे धरले तर पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ३,३०० आणि तिसऱ्या वर्षी २,७५० जादा भरायचे. एकूण ११,५५०. म्हणजे साडेनऊ हजारही हातात न पडणाऱ्या क्लेमसाठी तीन वर्षांत साडेअकरा हजार घालवायचे, आणि पन्नास टक्क्यांवर परत पोचायला त्यानंतरही दोन वर्षे लागतील.

काकूंच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मागावे, असाही एक सल्ला आला. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतचे संरक्षण असते, हे बरोबर आहे. पण त्या दाव्याची वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. एका टेललाइटसाठी वकीलपत्र देण्याइतका वेळ निदान मला तरी नाही.

म्हणून मी साधा मार्ग धरला. कर्वे रस्त्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गाडी दाखवली. बंपर बदलायची गरज नाही, तापवून जोडून रंगवता येतो असे तो म्हणाला. टेललाइट नवा, बाकी दुरुस्ती, सगळे मिळून ६,८००. सर्व्हिस सेंटरचे १४,८०० मागायचा मला अधिकार असेलही, पण मी मागत नाही. हे ६,८०० संस्थेने पक्क्या बिलावर, टँकरच्या खर्चाच्या खात्यातून द्यावेत. ते त्याच कामातून आले आहेत. समितीला हा अधिकार नाही असे वाटत असेल तर विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, मी तोपर्यंत थांबेन. फुटका टेललाइट लावून फिरता येत नाही, म्हणून गाडी मात्र आधी माझ्या पैशाने दुरुस्त करून घेतो.

तोपर्यंत रविवारचे फुटेज कृपया पेन ड्राइव्हवर काढून ठेवावे. डीव्हीआर जुने चित्रण आपोआप पुसतो आणि मग फोनवर बोलणारा वॉचमनच खरा ठरेल.

आणि मुळाशी जायचे तर टँकर आत आणूच नये. फाटकाशेजारच्या भिंतीपासून टाकीपर्यंत कायमची पाइपलाइन टाकली आणि बाहेर जोडणीचे तोंड दिले की टँकर रस्त्यावर उभा राहून पाणी सोडेल. शेजारच्या सोसायटीने हेच केले आहे. ए विंगमधले प्लंबिंगचे काम करणारे सभासद अंदाज काढून द्यायला तयार आहेत, पैसे न घेता. उन्हाळाभर जवळजवळ रोज दहा हजार लिटरचा टँकर येतो, जूनच्या मध्यापर्यंत तो थांबण्याची चिन्हे नाहीत. पाइपलाइन होईपर्यंत पहिली पाटी उतरवावी, हँडब्रेक लावायला परवानगी द्यावी आणि ज्यांच्या गाड्या वाटेत आहेत त्यांच्या किल्ल्या कोणाकडेही न देता त्यांनाच आदल्या रात्री टँकरची वेळ कळवावी. सव्वासहाला उठून गाडी काढायचा त्रास होईल. माझी गाडीही वाटेत येते तेव्हा मी काढीन.

किल्ल्या वॉचमनकडे ठेवायची सूचना परवा कोणीतरी केली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. त्याच्याकडे चालवण्याचा परवाना नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली आणि काही झाले, तर विमा कंपनी हात वर करेल आणि गाडीचा मालक अडकेल.

उपविधींप्रमाणे या अर्जावर समितीच्या येत्या सभेत निर्णय व्हावा आणि तो मला १५ दिवसांच्या आत लेखी कळवावा. एजन्सीला वसुलीचे पत्र गेले असेल तर ते मात्र सभेची वाट न पाहता आजच थांबवावे. महिनाअखेर जवळ आली आहे आणि त्यांचे पगाराचे हिशेब २५ तारखेला बंद होतात.

आपला,
सभासद, बी-३०२

सोबत : गाडीचे फोटो, दोन्ही दुरुस्तीचे अंदाज
प्रत : सचिव, ए-२०४