खाजणातल्या एका प्रश्नासाठी उघडलेली कपाटं

आदरणीय बाई,

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून एखाद्या पुस्तकात ठेवाल आणि विषय तिथेच मिटवाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या एका ग्रंथपाल बाईंनी एका प्राथमिक शिक्षिकेसाठी काय केलं, ते लोकांना कळायला हवं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती मे महिन्यात, भर दुपारी. कॉलेजला सुट्टी होती आणि तुम्ही एकट्याच बसून पुस्तकांची नोंद करत होतात. मी विचारलं होतं, "तिवर तोडायची परवानगी कोण देतं, ते सांगणारं कायद्याचं पुस्तक आहे का?" तिवर म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं कांदळवनाचं झाड. हातात माती परीक्षणाचा अहवाल होता आणि घाई होती, कारण दादा चार दिवसांनी मुंबईला परत जायचा होता.

दाभोळच्या खाडीकाठचं आमचं सव्वा एकराचं खाजण, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. आजोबांच्या वेळी तिथे भात व्हायचं. बाहेरचा बांध सगळ्या वाडीचा, घरटी एक माणूस मातीकामाला जायचा. पुढे एकेक घर चाकरमानी झालं, बांधाला माणसं मिळेनात, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी कुजली, आणि एका उधाणाला बांधाला खांड पडलं. खारं पाणी आत शिरलं ते कायमचं. काही वर्षांत तिथे तिवर माजलं. मग त्या वर्षी कोळंबीच्या तळ्यांसाठी जमिनी बघत फिरणारा एक एजंट दारात आला. सातबारा तुमच्या नावावर आहे, झाडंही तुमचीच, पावसाआधी साफ करून टाका, असं त्याने दादाच्या डोक्यात भरवलं. घरात पैशाची गरज होती. मलाही ते पटलं होतं.

तुम्ही पुस्तक काढलं नाहीत. खुर्ची पुढे ओढलीत आणि म्हणालात, "अगं, परवानगी हे झालं उत्तर. तुझा प्रश्न काय आहे?" बराच वेळ मला सांगताच येईना. शेवटी वहीत लिहिलं : या जमिनीचं आता काय करावं? तुम्ही ते वाचलंत आणि उठलात. "मग एका कपाटाने भागायचं नाही."

पहिल्यांदा तुम्ही माझा अहवाल मागितलात. त्यावरचा विद्युत वाहकतेचा आकडा, ज्यावरून मातीतला क्षार कळतो, खूप मोठा होता. भात इथे होणारच नाही, याचा तो माझ्याकडचा पुरावा होता. तुम्ही आकड्याकडे पाहिलंच नाहीत. "माती कोणत्या महिन्यात काढलीस?" एवढंच विचारलंत. बाई, या एका वाक्याने मला जे शिकवलं ते डी.एड.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

मग तुम्ही संगणकावर कृषिकोश, म्हणजे कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा, उघडून दिलंत आणि खार जमिनीवरच्या प्रबंधांत नमुने कधी आणि किती खोलीवरून घेतले ते शोधायला बसवलंत. निष्कर्षाचं पान आधी वाचायचं नाही, हा तुमचा दंडक. हळूहळू उलगडलं. उन्हाळ्यात खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ वर राहतं. खाजणात मे महिन्यात जो पांढरा थर दिसतो तो हाच. मग आपल्याकडचा तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस ते मीठ धुऊन नेतो. क्षाराच्या मोजणीत 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेलेली जमीन क्षारयुक्त धरतात आणि भाताचं उत्पन्न साधारण 3 पासूनच उतरायला लागतं. पण तो आकडा मे महिन्यातला की सप्टेंबरमधला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आमची आजी पहिले पाऊस जाऊ द्यायची आणि मगच खाजणात मोड आलेलं बियाणं रहू पद्धतीने फेकायची. त्यामागचं कारण मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तुमच्या वाचनालयात कळलं.

पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 या भाताच्या जाती खारटपणा सोसतात, हेही मी तिथेच वाचलं. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून आमच्या इतक्या जवळ आहे. तिथल्या संशोधनाचा धागा थेट आमच्या बांधापर्यंत येतो, हे आमच्या वाडीत कोणाला माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला त्या वाचनातून मिळाली आणि तिने माझं मन खऱ्या अर्थाने फिरलं. कांदळवनाच्या काळ्या चिखलात, हवा पोचत नाही अशा जागी, गंधकाची संयुगं साठत जातात. तिवर तोडून, पाणी काढून तो चिखल सुकवला की त्यांचा हवेशी संबंध येतो आणि त्यातून आम्ल तयार होऊ शकतं. म्हणजे साफ केलेली जमीन आजोबांच्या वेळची जमीन होऊन परत येईलच, असं नाही. हे एजंटने सांगितलं नव्हतं.

कायद्याच्या कपाटाकडे आपण दुसऱ्या दिवशी गेलो. मुंबई उच्च न्यायालयाचा कांदळवनाच्या तोडीबद्दलचा 17 सप्टेंबर 2018 चा निकाल तुम्ही छापून ठेवला होतात. इंग्रजी बघून मी मागे सरले. तुम्ही पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, आधी चारच गोष्टी शोध : काय घडलं, कशावर वाद आहे, न्यायालयाने कोणती कारणं दिली, आणि शेवटी हुकूम काय. ओघात बोललेलं वाक्य वेगळं आणि बंधनकारक वाक्य वेगळं, हे तुम्ही माझ्याकडून पाच वेळा तरी म्हणवून घेतलंत. दोन दुपारी त्यात गेल्या. 2005 मध्ये याच प्रकरणात अंतरिम आदेश झाला होता आणि 2018 मध्ये अंतिम निकाल आला. त्याने राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. सार्वजनिक हितासाठी तोड अटळ आहे अशी न्यायालयाची खात्री पटली, तरच अपवाद. माझा प्रश्न तिथे संपला होता. पण तुम्ही मला तिथे थांबू दिलं नाहीत. "बंदी आहे एवढं तलाठीपण सांगेल. का आहे, ते वाच."

ते 'का' मला आजही आठवतं. तोडीमुळे संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कालाच धक्का लागतो, असं न्यायालय म्हणतं. नद्या, समुद्रकिनारे, जंगलं ही सरकारची खासगी मालमत्ता नसून सरकार त्यांचं विश्वस्त आहे, या सिद्धांताचाही आधार घेतं. तो सिद्धांत सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या रिसॉर्टच्या खटल्यात आपल्या कायद्यात आणला होता. बियासचं पाणी दाभोळच्या खाडीला मिळत नाही, पण त्या खटल्यातला विचार आमच्या सव्वा एकरापर्यंत पोचला. आदल्या दिवशी मी मातीत पाहिलं होतं की कोणीही पुन्हा मोजून बघू शकतो आणि आकडा चुकीचा असेल तर तो पडतो. इथे आधी काय ठरलं आहे ते दाखवावं लागतं आणि त्यावरून पुढे यावं लागतं. एकाच चिखलाकडे बघायच्या या इतक्या वेगळ्या रीती आहेत, आणि मातीचा आकडा कायद्याला विचारता येत नाही, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

त्याच दुपारी तुम्ही खोतीचं प्रकरण काढलंत, कारण आमच्या जुन्या फेरफारात खोताचं, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्याचं, नाव होतं. बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही त्याच्या मागचा माणूस दाखवलात : लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा अर्थतज्ज्ञ, बॅरिस्टर, आणि पुढे 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू करणारा शिक्षक. मंडणगडातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव, आमच्यापासून काही फार लांब नाही. कुळाचं देणं समजायला त्यांना अर्थशास्त्र लागलं, ते मोडायला कायदा लागला आणि मोडलेलं पुन्हा उभं राहू नये म्हणून शाळा-कॉलेजं लागली. तुम्ही हे इतक्या साधेपणाने सांगितलंत की मला घरी जाऊन झोप आली नाही.

निघताना तुम्ही विचारलंत, "तुझ्या शाळेतली मुलं खाडीत उतरतात का?" उतरतात म्हटलं, चिंबोऱ्या आणि कालवं काढायला आईबरोबर जातात, त्या दिवशी गैरहजेरी लागते. तुम्ही काही बोलला नाहीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामावरचं लिखाण माझ्यापुढे ठेवलंत. 1945 मध्ये डहाणूजवळ बोर्डीला, याच किनाऱ्यावर, सुरू झालेलं आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलेलं ते काम. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. शिंपले, बिया, खडे हीच साधनं. मी ते शिक्षिका होताना परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आपण हजेरीपटावर ज्याला लाल शाईने खूण करतो तो दिवस मुलाच्या शिकण्याचा असू शकतो, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या, मुलांनी स्वतः करून बघत विज्ञान शिकायच्या प्रयोगाची माहितीही तुम्हीच दिलीत. 1972 मध्ये 16 शाळांतून सुरू झालेलं ते काम 2002 मध्ये बंद केलं गेलं, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. तुम्ही तेव्हा सावध केलं होतंत, ते मी विसरले नाही. वर्ग म्हणजे मातीचा नमुना नाही. एकाच वर्गातली दोन मुलं सारखी नसतात, त्यामुळे तिकडे जमलं म्हणून इकडे जसंच्या तसं जमेल असं धरू नको. आपल्या मुलांना विचार, बघ, लिहून ठेव.

आता जमिनीचं सांगते. तिवर तसंच उभं आहे. वरच्या अंगाला, जिथे ते पोचलंच नव्हतं आणि आतला बांध शाबूत होता, तिथे आठ-दहा गुंठ्यांत आम्ही पनवेल जातीचं भात केलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा काढलेल्या मातीचा आकडा मेपेक्षा कितीतरी खाली आला होता. पहिल्या वर्षी पीक बेताचं आलं, दुसऱ्या वर्षी बरं. दादाला अजून वाटतं की पैसे गेले. मी त्याला निकालातल्या मुख्य भागाचं मराठी करून दिलं, त्याने ते लोकलमध्ये बसून वाचलं आणि फोनवर तासभर वाद घातला. पण वाद घातला तो वाचून, आणि यासाठीसुद्धा मी तुमचीच ऋणी आहे.

माझ्या अकरा मुलांनी बांधावर एक मीटर लांब-रुंद चौकट आखली आहे. तिवराची चिखलातून वर येणारी श्वासाची मुळं ती मोजतात, खेकड्यांची बिळं मोजतात, आणि भरतीच्या पाण्याचा खारटपणा बघायला खाली माती लावलेली पोकळ कांडी पाण्यात तरंगवून ती किती बुडते त्याची खूण करतात. कालवांच्या दिवशी आता गैरहजेरी लागत नाही, त्या दिवशी खाडीतून काय आणलं ते वहीत उतरतं.

या पत्राबरोबर त्या वहीची छायाप्रत पाठवते आहे. पद्धत कुठे चुकली असेल तर पेन्सिलीने खुणा करून परत पाठवा, मुलं वाट बघत आहेत. प्रत्येक नोंदीला तारीख आणि तिथी घातली आहे, बाई. पहिल्या पानापासून.

तुमची,
खाडीकाठच्या शाळेतली शिक्षिका