रेदीच्या बाटल्या आणि रेदीची बाडे

महोदय,

फ्रान्चेस्को रेदीच्या जन्माला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. सतराव्या शतकातल्या इटालियन वैद्यासाठी मराठी वृत्तपत्राने अर्धे पान खर्ची घालावे, याचे आधी अप्रूप वाटले. पण लेखातला रेदी पाठ्यपुस्तकातल्या आकृतीबाहेर पाऊल टाकत नाही. मांसाच्या तीन बरण्या, एक उघडी, एक बंद, एकीवर जाळी, सडक्या मांसातून अळ्या आपोआप निपजतात या समजुतीचा निकाल, विषय संपला.

मूळ प्रयोग बराच वेगळा होता. १६६८च्या पुस्तकात रेदीने तो तपशीलवार सांगितला आहे. जुलैच्या मध्यात त्याने रुंद तोंडाच्या चार बाटल्या घेतल्या. एकीत साप, दुसरीत नदीतले मासे, तिसरीत आर्नो नदीतल्या वामी, चौथीत दूधपित्या वासराच्या मांसाचा तुकडा. तोंडे कागद लावून दोऱ्याने घट्ट बांधली. असाच ऐवज भरलेल्या आणखी चार बाटल्या उघड्या ठेवल्या. उघड्या बाटल्यांत अळ्यांची बुजबुज झाली, बांधलेल्यांत एकही नाही. मात्र कागदावर बाहेरून एखादी अळी आत शिरायला फट शोधत फिरताना दिसे, हेही तो नोंदवतो. मला त्याच्या निरीक्षणातली ही अळी सर्वात आवडते. आता हवाच बंद केली तर जीव निपजणार कुठून, अशी शंका कोणी काढील म्हणून मग नेपल्सच्या तलम कापडाची जाळी आली. आकृतीतली तिसरी बरणी ती हीच.

हे पुस्तक म्हणजे एक लांबलचक पत्र आहे, तेही विद्यापीठांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तोस्काना प्रांतातल्या इटालियनमध्ये, कार्लो दाती या फ्लॉरेन्सच्या साहित्यिकाला लिहिलेले. त्यात ग्रीक महाकवी होमरचाही दाखला येतो: युद्धात पडलेल्या पात्रोक्लस या मित्राच्या जखमांवर माश्या बसून किडे पडतील, ही अकिलीसची धास्ती. तोस्कानावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबाराचा हा राजवैद्य शब्दकोश रचणाऱ्या क्रुस्का अकादमीत बसत असे आणि प्रयोग करून पाहणाऱ्या चिमेंतो अकादमीतही. त्याने तोस्कानातल्या मद्यांवर एक दीर्घ काव्य लिहिले, ते १६८५ मध्ये छापले गेले. त्यात मद्यदेव बाक्खुस कॉफीला इतकी नावे ठेवतो, की तिचा पेला पिण्यापेक्षा विष परवडले असे म्हणतो. इतके रसाळ लिहिणारा कवी स्वतः मात्र बेताने पिणारा आणि रोग्यांना साधी औषधे देणारा वैद्य होता.

लेखात न आलेली आणि आपल्या वाचकांना सर्वात जवळची वाटेल अशी गोष्ट नागमण्याची. १६६२ मध्ये पूर्वेकडून परतलेल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी मेदिची दरबारात काही दगड आणले. हिंदुस्थानातल्या नागाच्या डोक्यातून ते निघतात आणि जखमेवर ठेवले की चिकटून सगळे विष शोषून घेतात, असा दावा होता. रोममधला आथानासियुस किर्खर हा बडा जेझुइट पंडितही त्यावर विश्वास ठेवून होता. रेदीने कोंबड्यांना विष देऊन दगड लावून पाहिले. दगड चिकटले, कोंबड्या मेल्या. १६७१ मध्ये त्याने हे सगळे छापले, तेही किर्खरलाच लिहिलेल्या पत्राच्या रूपात! अदब पुरेपूर, पण सूट कसलीच नाही.

आणि याच माणसाने खोटी अवतरणे रचली. क्रुस्काच्या कोशाची तिसरी आवृत्ती १६९१ मध्ये निघाली. तिच्यासाठी रेदीने जुन्या तोस्कानी हस्तलिखितांतली म्हणून जी उदाहरणे पुरवली, त्यांतली कितीतरी त्याने स्वतःच्या मनाने लिहिलेली होती. चष्म्याचा शोध कधी लागला हे ठरवण्यासाठी त्याने तेराव्या शतकाच्या अखेरच्या एका म्हाताऱ्याचे बाड पुढे केले. त्यात तो म्हातारा म्हणतो की चष्म्याशिवाय आता मला वाचवत नाही. ते बाड कुठे, तर रेदीच्याच संग्रहात. ही बनवाबनवी उघडकीला यायला विसावे शतक उजाडावे लागले.

माझ्या काही परिचितांचे म्हणणे असे, की जन्माच्या चारशेव्या वर्षात ही धुणी कशाला धुवायची. मला ते पटत नाही. बाटल्यांचा प्रयोग कोणालाही, कुठल्याही उन्हाळ्यात, चार पैशांत करून पाहता येतो. रेदी खोटे बोलला असता तर पुढच्याच जुलैत पितळ उघडे पडले असते. बाडाचे तसे नाही. ते त्याच्या फडताळात. तो म्हणेल तेच त्यातले वाचन. रेदी दोन्हीकडे एकच माणूस होता, तितकाच हुशार आणि तितकाच मिश्कीलही. फरक होता तो त्याच्या शब्दाची पडताळणी दुसऱ्याला करता येते की नाही, एवढाच. त्याला ‘सत्याचा निस्सीम उपासक’ म्हणणाऱ्या लेखाने निदान हे एक वाक्यात सांगायला हवे होते.

‘रेदीने ती समजूत कायमची गाडली’ हे विधानही दुरुस्त करावे. झाडांवरच्या गाठींत सापडणारे किडे झाडच आपल्या जीवशक्तीने निर्माण करते, असे तो मानत होता. त्या गाठींचे कोडे पुढे माल्पिगी आणि वाल्लिस्न्येरी या इटालियन शास्त्रज्ञांनी सोडवले. सूक्ष्मजीवांबाबतचा वाद तर पाश्चरपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत, चालला.

लेखाचा उत्तरार्ध प्रसिद्ध करणार असाल तर त्यात १६७१चे ते पत्र जरूर घ्यावे. कोंबड्यांच्या प्रयोगाला थोडी जास्त जागा दिलीत तरी चालेल. नागमणी लाखांना विकू पाहणाऱ्यांच्या बातम्या अजूनही छापून येतात.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सांगली