तरोटा नोहे

आर्वी तालुका, जि. वर्धा
तान्हा पोळा

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तू दिलेली शेवंती जगली का, असं विचारलंस. जगली, चांगली डेरेदार झाली. पण यंदा त्या वाफ्यात माझं ध्यान शेवंतीपेक्षा एका आगंतुकाकडेच जास्त होतं. तुझ्या पत्रातली एक ओळ वाचली आणि ती सगळी कथा तुला लिहिणं भागच पडलं. वहिनी प्लॉटांच्या कडेनं भाजीला तरोटा खुडून आणतात, असं तू लिहिलंस. ते वाचून आधी हरखलो आणि मग जरा चपापलो. का, ते सांगतो. बाहेर पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार फिरताहेत, तेव्हा मलाही तासभर कोणी हाक मारणार नाही.

मृगाआधी वाफ्यात शेणखत टाकलं होतं. पाऊस लागला आणि शेवंतीच्या रांगेत भलतीच रोपं उठली. पिसासारखी संयुक्त पानं, हिरवीगार, तरारलेली. घरात लगेच निकाल लागला: तरोटा! आषाढातल्या कोवळ्या तरोट्याचं मोल तुला काय सांगायचं? लसूण-मिरचीची फोडणी, मूठभर चण्याची डाळ आणि ज्वारीची भाकर. सून टोपली घेऊन वाफ्यात उतरलीसुद्धा. निंदणाला येणारी सुभद्राकाकू ओट्यावर चहा पीत होती, ती तिथूनच म्हणाली, "थे नोको तोडू वं माय. थे तरोटा नोहे."

"मग काय होय?"

"नाव मले नाही ठाऊक. पण थे आमी खात नाही."

घरातले हसले. मला मात्र ते बोलणं पक्कं वाटलं. झाडाचं नाव माहीत नसताना ते कशात मोडत नाही हे सांगता येणं, ही ओळख काही लहान नाही. आपण कॉलेजात नावं घोकली, तिनं आयुष्यभर रानात हात घातला आहे.

नातवानं मोबाईल काढला. फोटो दाखवून झाडं ओळखणारं ते ॲप एकदा भुईमूग म्हणालं, एकदा तरवड. एवढ्याशा रोपाच्या फोटोवरून ते बिचारं तरी काय सांगणार! मी वेगळा उद्योग केला. रस्त्याच्या कडेचं खरं तरोट्याचं रोप मुळासकट उपटून आणलं, वाफ्यातल्या रोपाशेजारी ठेवलं आणि जुनं भिंग घेऊन पाटावर बसलो.

पहिला फरक नुसत्या डोळ्यांनीच दिसला. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, बहुधा तीन जोड्या असतात, टोकाशी रुंद आणि गोलसर. वाफ्यातल्या पानाला चार-पाच जोड्या, आणि प्रत्येक पर्णिका टोकाकडे निमुळती, अणकुचीदार. पान चुरगळलं तर असा उग्र वास, की हात दोनदा धुवावे लागले. शेजारची शेळी कुपाटीतून शिरते, झेंडूचे शेंडे मटकावते, पण याला तिनं तोंडही लावलं नाही. संध्याकाळी पानं मिटून घेणं दोघांचंही, तेव्हा त्यावरून निवाडा होत नाही.

खरी गंमत भिंगाखाली आहे. दोघांच्याही पानावर मधाची एक बारीकशी गाठ असते, ग्रंथी म्हण. तरोट्यात ती खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये उभी असते, छोट्या काडीसारखी. वाफ्यातल्या झाडात तिथे काहीच नव्हतं. ती होती देठाच्या अगदी बुडाशी, जिथे पान खोडाला जोडलं जातं तिथे: गोल, काळपट, चकाकणारी. एक मुंगी तिच्यावर डोकं टेकवून उभी होती आणि मी फुंकर मारली तरी हलेना. तिथेच निकाल लागला. हा कासविंदा. पुस्तकांत याला रानटाकळाही म्हणतात, वैद्यांचा कासमर्द तो हाच, आणि शास्त्रीय नाव सेना ऑक्सिडेंटॅलिस. मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. लिनियसनं 1753 मध्ये त्याला कॅसिया या प्रजातीत बसवलं होतं, म्हणून जुन्या पुस्तकांत तो कॅसिया नावानंच सापडतो. याचा आणखी एक भाऊ आहे, सेना सोफेरा, पण त्याच्या पर्णिकांच्या जोड्या बऱ्याच जास्त असतात, त्यामुळे त्याला लगेच बाजूला काढलं.

पुढे फुलं आली. पिवळी, पाच पाकळ्यांची, तरोट्याच्या फुलाशी सहज गल्लत व्हावी अशी. शेंगांत मात्र गल्लत नको. तरोट्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची तिच्याहून आखूड, चपटी, वरच्या बाजूला किंचित वळलेली, आणि पिकताना मधे तपकिरी नि कडांना फिकट पट्टा.

दिनू, मी चपापलो तो या शेंगांवरून. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौरच्या बाजूला दरवर्षी पावसाळा सरता सरता लहान पोरं एकाएकी आजारी पडायची: उलट्या, मग बेशुद्धी, आणि अनेकांचा काही दिवसांतच खेळ संपायचा. कैक वर्षं तो विषाणूचा मेंदूज्वरच समजला गेला. 2007 च्या सुमाराला तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मागोवा घेतला, तेव्हा पोरांनी खेळता खेळता कासविंद्याच्या कच्च्या बिया खाल्ल्या होत्या असं निघालं. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर एकदम घाला. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत बालमृत्यूंची लाट आली, तेव्हा जपानी मेंदूज्वराबरोबर याच झुडपाचंही नाव पुढे आलं; तिकडे त्याला बडा चाकुंडा म्हणतात. आपल्या गडचिरोलीला लागून बस्तर, आणि बस्तरच्या पलीकडे मलकानगिरी. फार लांबची गोष्ट नाही. बियांचं विष ढोरांनाही चढतं, चाऱ्यात आल्या तर स्नायू निकामी होतात.

याचा अर्थ हे झाड दिसलं की पळत सुटावं असा नाही. औषधात त्याचा वापर जुना आहे, काही ठिकाणी बिया भाजून कॉफीसारख्या पितात, पाला शिजवून खाणारेही लोक आहेत. पण उपाशीपोटी हिंडणारं चार वर्षांचं पोर आणि हिरवी शेंग, ही गाठ पडायला नको. आमच्या वाफ्याला लागूनच पोरांचा गोट्यांचा डाव असतो, म्हणून शेंगा भरायच्या आत सगळी झुडपं मुळासकट काढली. शाळेच्या गुरुजींना दोन्ही फांद्या नेऊन दिल्या. त्यांनी त्या वर्गात पोरांच्या हातात दिल्या आणि देठाचं बूड शोधायला लावलं. तक्त्यावरच्या चित्रापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

तेव्हा वहिनींना सांग, तरोटा खुशाल खुडा, पण तीन जोड्या आणि गोल टोक पाहून. शंका आली तर देठाच्या बुडाशी काळपट गाठ आहे का ते पाहायचं. मला फोटो पाठवशील तर नुसत्या पिवळ्या फुलाचा पाठवू नकोस, त्यावरून मी काही सांगणार नाही. पान उलटं धर आणि देठाचं बूड स्पष्ट येऊ दे. आता त्या प्लॉटांवर शेंगा धरल्या असतील, तर याच आठवड्यात एक चक्कर मार.

कापूस यंदा बरा आहे, बोंडअळीचं मात्र अजून सांगता येत नाही. दसऱ्याला येतोस ना? शेवंतीची रोपं वाफ्यात मावेनाशी झाली आहेत, येताना रिकामी पिशवी घेऊन ये.

तुझा,
विठ्ठल