रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून काय झालं

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग मीच नाटकं करतोय की काय," ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. नाटकं नाहीयेत ही. मागे भेटलो तेव्हा शर्टाची बटणं लावता लावता मधेच हात खाली सोडून तू पलंगावर टेकलास ना, ते मी बघितलंय, आणि तोवर ताप जाऊन कितीतरी दिवस झाले होते.

अरे हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, बी १२ बघायलाच हवं होतं, दुसरं काही नाही ना ते कळतं त्यातून. पण व्हायरलनंतरचा थकवा नेमका पकडेल अशी टेस्टच अजून नाहीये, मग रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तू ठणठणीत असं कसं होईल? कोविड जाऊनही रेंगाळणारा त्रास, म्हणजे लाँग कोविड, हे नावसुद्धा २०२० मध्ये पेशंट लोकांनीच दिलं, डब्ल्यूएचओची व्याख्या आली २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. आणि हे फक्त कोविडचं नाही, फ्लू, डेंग्यूनंतरही लोक असे गळून जातात, चिकुनगुन्यात तर सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जरा बरं वाटलं की तू साठलेली सगळी कामं एका दिवसात उरकायला जातोस आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवा, आणि तुला वाटतं काल तर ठीक होतो, आज अचानक काय झालं. अचानक नाही रे, या दुखण्यात श्रमाचा फटका बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी बसतो आणि नुसतं डोक्याचं काम केलं तरी बसतो. त्यामुळे "रोज थोडा थोडा व्यायाम वाढव, होशील बरा" असं जे सगळे सांगतात ना, ते अशा माणसाला उलट महागात पडू शकतं. उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये एमई-सीएफएसच्या, म्हणजे अशाच महिनोन्महिने न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या, पेशंटसाठी असा ठरवून वाढवत न्यायचा व्यायाम देऊच नका म्हणून सांगितलंय. दमायच्या आधी थांबायचं, चांगल्या दिवशीसुद्धा. चांगल्या दिवशी तर जास्तच!

उभं राहिलं की धडधडतं म्हणालास, तर एकदा आडवं पडून नाडी मोज आणि मग उभा राहून १० मिनिटं मधूनमधून मोजत रहा, चक्कर आली तर लगेच बस. बीपी न पडता ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहत असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांग, त्याला पॉट्स म्हणतात आणि त्यावर उपाय आहेत. छातीत दुखलं, दम लागला किंवा शुद्ध हरपली तर मात्र वाट बघत बसू नकोस.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मी येतो सोबत. तोवर काय केलं आणि कधी त्रास झाला एवढं दोन शब्दांत लिहून ठेव, आयत्या वेळी तुला आठवत नाही आणि "तसं बरंय" म्हणून मोकळा होतोस. तिथे मी बोलेन.

तुझाच